सॅमो हंग यांची खरी थोरवी पडद्यावर की पडद्यामागे?

चर्चाप्रस्ताव

सॅमो हंग यांना २०२४ साली हाँगकाँग चित्रपट पुरस्कारांत जीवनगौरव देण्यात आला. सर्वसाधारण प्रेक्षकाला ते आठवतात ते 'एंटर द ड्रॅगन'च्या सुरुवातीला ब्रूस ली यांच्याशी लढणारे, किंवा जॅकी चॅन यांच्या जोडीला असणारे जाडजूड आणि विलक्षण चपळ नट म्हणून. ही ओळख खोटी नाही, पण त्यांच्या कामाच्या मानाने ती फार तोकडी आहे. सॅमो हंग हे आधी मारामारीची दृश्ये रचणारे दिग्दर्शक आहेत आणि नंतर अभिनेते आहेत, असे माझे ठाम मत आहे.

यासाठी मी कुंग फूमधील विंग चुन या एकाच शैलीचे उदाहरण घेतो. ही शैली अगदी जवळून लढण्याची आहे. कोपर शरीरालगत, ठोसे आखूड, पाय फारसे उंच जात नाहीत. प्रत्यक्ष लढतीत जो तिचा गुण, तोच पडद्यावर दोष ठरतो, कारण दुरून पाहणाऱ्याला दोन माणसे एकमेकांच्या हातात हात अडकवून उभी आहेत, एवढेच दिसते. हंग यांनी १९७८ च्या 'वॉरियर्स टू'मध्ये, १९८१ च्या 'द प्रॉडिगल सन'मध्ये आणि पुन्हा २००८ च्या 'इप मॅन'मध्ये हा प्रश्न हाताळला आणि प्रत्येक वेळी कॅमेऱ्याची जागा, संकलनाची लय आणि लढवय्याचा स्वभाव यांतून त्याचे वेगळे उत्तर काढले. तीस वर्षे एकाच शैलीचा पडद्यासाठी असा विचार करणारा दुसरा रचनाकार मला तरी दिसत नाही.

'द प्रॉडिगल सन'मधली एक लढत मुद्दाम पाहावी. लाम चिंग-यिंग यांनी रंगवलेला चिनी ऑपेराचा, म्हणजे गाणे, अभिनय आणि कसरती एकत्र असलेल्या पारंपरिक नाट्याचा, कलावंत प्रतिस्पर्ध्याशी बरोबरीने लढत असताना त्याला दम्याचा झटका येतो. श्वास तुटू लागतो तसे त्याचे हात मंदावतात, ते समोरच्याच्या लक्षात येते आणि तो लढत थांबवतो. संवादाने जे सांगायला निराळा प्रसंग लिहावा लागला असता, ते त्या दोघांविषयी आपल्याला लढतीतच कळते. हे लेखकाचे काम आहे आणि ते रचनाकाराने केले आहे.

प्रतिसाद १

उदाहरण उत्तम आहे, परंतु निष्कर्ष मान्य नाही. अभिनेता आणि रचनाकार अशी फाळणी हंग यांच्या बाबतीत करताच येत नाही आणि करायचीच झाली, तर पारडे अभिनेत्याकडे झुकते. १९८३ च्या हाँगकाँग चित्रपट पुरस्कारांत 'द प्रॉडिगल सन'ला मारामारीच्या रचनेचा पुरस्कार मिळाला, हे सर्वांना आठवते; त्याच सोहळ्यात 'कॅरी ऑन पिकपॉकेट'साठी हंग यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार कार्ल माका यांच्यासोबत विभागून मिळाला होता, हे मात्र विसरले जाते.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे १९८८ चा 'पेंटेड फेसेस'. हाँगकाँगमधील यू जिम-युएन यांच्या पेकिंग ऑपेरा शाळेत हंग, जॅकी चॅन आणि युएन बियाओ लहानाचे मोठे झाले. तिथली शिस्त अतिशय कडक होती आणि मारही पुष्कळ होता. त्या शाळेवरच्या या चित्रपटात हंग यांनी साक्षात आपल्या गुरूंची भूमिका केली. ज्या माणसाच्या हातची छडी खाल्ली, त्याला त्यांनी ना खलनायक केले, ना संत. ऑपेराचे दिवस सरले आहेत, शिकवलेली विद्या आता स्टंटमन होण्यापुरती उरणार आहे, हे उमगलेला एक थकलेला शिक्षक त्यांनी उभा केला. या भूमिकेसाठी त्यांना पुन्हा सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला आणि तिचे मोठेपण हाणामारीत नाही.

प्रतिसाद २

दोन्ही मतांत सारे श्रेय एकाच माणसाच्या पदरात टाकले जात आहे, याला माझा आक्षेप आहे. 'द प्रॉडिगल सन'च्या ज्या पुरस्काराचा उल्लेख झाला, तो हंग यांच्याबरोबर युएन बियाओ, लाम चिंग-यिंग आणि बिली चॅन यांनाही मिळालेला आहे. 'इप मॅन'च्या रचनेत लिउंग सिउ-हुंग सहभागी होते. हाँगकाँगची पद्धतच अशी होती की रचनाकार आपला स्टंटमनांचा संच घेऊन काम करी. जमिनीवर आपटणारी, जिन्यावरून गडगडत जाणारी माणसे ठरलेली असत आणि कल्पना त्यांच्याकडूनही येत. दम्याच्या त्या दृश्यात आपण ज्याला रचनाकाराचे लेखन म्हणता, त्यात स्वतः लाम चिंग-यिंग यांचा वाटा किती, हे कोण ठरवणार? त्या काळात अंगावर घेतलेल्या दुखापतींची किंमतही या संचांतील अनाम माणसांनीच मोजली. ऑस्करमध्ये स्टंट रचनेसाठी स्वतंत्र पुरस्कार २०२७ मधील चित्रपटांपासून सुरू होत आहे. या कामाकडे किती उशिरा पाहिले गेले, हे त्यावरून समजावे.

प्रस्तावकाचे उत्तर

संच महत्त्वाचा आहेच. तरीही संच कोणाच्या नजरेने काम करतो, हा प्रश्न उरतो. हाँगकाँगमध्ये मारामारीच्या दृश्यापुरता सेट रचनाकाराच्या ताब्यात जाई. चार-सहा हालचालींचा एक तुकडा कॅमेरा नेमका कुठे ठेवून घ्यायचा आणि पुढच्या तुकड्याला तो कसा जोडायचा, हे तोच ठरवी. बार्सिलोनात चित्रित झालेला १९८४ चा 'व्हील्स ऑन मील्स' हंग यांनी दिग्दर्शित केला आहे. त्यातील जॅकी चॅन आणि बेनी उर्किडेझ यांची अखेरची लढत पाहावी. उर्किडेझ हे खरेखुरे किकबॉक्सिंग विजेते. त्यांची लाथ हुकते आणि तिच्या वाऱ्याने मेणबत्त्या विझतात. लाथ कोणालाही लागलेली नाही, तरी ती लागली असती तर काय झाले असते, हे प्रेक्षकाला कळून चुकते. मग चॅन मध्येच थांबतात, खुर्चीवर बसून अंग सैल करतात आणि लढतीची चाल बदलते. वेग, विराम आणि पुन्हा वेग ही लय ऑपेराच्या तालवाद्यांतून आलेली आहे. ती या लढतीत आणणारा माणूस त्या वेळी चौकटीच्या बाहेर उभा होता.

प्रतिसाद ३

रचनाकार म्हणून त्यांना सर्वांत वरचे स्थान देण्याआधी लाउ कार-लिउंग आणि युएन वू-पिंग यांचा विचार व्हायला हवा. परंपरागत कुंग फूची शुद्धता लाउ यांनी जितकी जपली, तितकी हंग यांनी जपली नाही. १९७८ चा 'द थर्टी-सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन' पाहिल्यावर हे पटावे. युएन वू-पिंग यांनी १९९९ च्या 'द मेट्रिक्स'मधून ही कला हॉलिवूडच्या गळी उतरवली. हंग यांना अमेरिकेत जे नाव मिळाले, ते 'मार्शल लॉ' या १९९८ ते २००० मधील मालिकेचे नायक म्हणून, म्हणजे पुन्हा अभिनेता म्हणूनच. शिवाय त्यांच्या ऐंशीच्या दशकातील विनोदी चित्रपटांत स्त्रियांची जी छेडछाड विनोद म्हणून खपवली आहे, ती आज पाहवत नाही. लढती टिकल्या, विनोद टिकला नाही, हे कोणत्याही गौरवलेखात स्पष्ट लिहिले गेले पाहिजे.

प्रतिसाद १ (पुन्हा)

विनोदाविषयीचे आपले म्हणणे योग्य आहे. मूळ वादाकडे येताना मी २०१० च्या 'इप मॅन २'मधील मेजावरच्या लढतीकडे लक्ष वेधतो. गोल मेज, भोवती पाय वर करून ठेवलेली आसने आणि उदबत्ती जळून संपेपर्यंत खाली न पडण्याची अट. नायक डॉनी येन यांच्याशी लढायला एक एक उस्ताद मेजावर चढतो आणि शेवटी हंग स्वतः चढतात. त्याच सुमारास त्यांच्यावर हृदयाची मोठी शस्त्रक्रिया झाली होती आणि वय सत्तावन्न-अठ्ठावन्नच्या घरात होते. दृश्य त्यांनीच रचले आहे, हे मला ठाऊक आहे. तरीही मेजाच्या कडेवर एका पायावर तोल सावरताना त्यांच्या चेहऱ्यावर जो हट्ट दिसतो, हरायचे नाही आणि समोरच्याचे कसबही नाकारायचे नाही, तो कोणत्याही रचनेत आधी लिहून ठेवता येत नाही. त्या जागी दुसरा तितकाच कसलेला स्टंटमन उभा करून पाहा. हालचाली त्याच राहतील, पण चित्रपटातले हंग गुरुजी मेजावर नसतील.

प्रस्तावकाचे उत्तर

आणि तरी ते मेज, ती उलटी आसने आणि ती उदबत्ती यांवाचून तो हट्ट दिसला असता कुठे? पाय टेकायला जागा नाही आणि वेळही मोजून दिलेली आहे, अशा ठिकाणी माणसाला उभे केले की त्याचा स्वभाव आपोआप बाहेर येतो, ही जाण रचनाकाराची आहे. त्या दृश्यातील डॉनी येन यांचा संयमही तितकाच लक्षात राहतो आणि त्यांच्यासाठीही मेज हंग यांनीच मांडले होते.