पीकेएम२ साठी पॉलिक्लोनल अँटीबॉडी घेणं आता थांबवावं, असं माझं मत

गोदाकाठ: नाशिकला एमएस्सीच्या मुलांचे प्रोजेक्ट मी बघते. यंदा विषय पायरुवेट कायनेज, ग्लायकोलिसिसच्या (पेशीत ग्लुकोज तोडण्याच्या) शेवटच्या पायरीचं एन्झाइम, आणि त्याचं पीकेएम२ हे रूप. ते ओळखायला सशातली पॉलिक्लोनल, म्हणजे अनेक अँटीबॉडींचं मिश्रण, आणली. वेस्टर्न ब्लॉटवर (प्रोटीनं वजनानुसार वेगळी करून अँटीबॉडीने शोधायची चाचणी) ५८ केडीएच्या (किलोडाल्टन, प्रोटीनच्या वजनाचं एकक) आसपास एकच स्वच्छ बँड. ती संपली म्हणून तोच कॅटलॉग नंबर मागवला, तर लॉट (उत्पादनाची खेप) दुसरा आणि ब्लॉटवर तीन बँड! एका मुलीचे दोन महिने त्यात गेले. ससा बदलला की मिश्रण बदलणारच. रिकॉम्बिनंट म्हणजे ठरावीक जनुकापासून पेशींत बनवलेली अँटीबॉडी; तिचा अमिनो आम्लांचा क्रम ठरलेला असतो, दहा वर्षांनीही तीच अँटीबॉडी मिळते. २०१५ मध्ये शंभराहून जास्त शास्त्रज्ञांनी 'नेचर'मध्ये हाच आग्रह धरला होता.

सातपूरकर: मॅडम, हे पटत नाही. रिकॉम्बिनंट चुकीच्या प्रोटीनला चिकटत असेल तर दहा वर्षं तीच चूक मिळेल. पीकेएम१ आणि पीकेएम२ एकाच जनुकातून येतात, ५३१ अमिनो आम्लांपैकी फक्त २२ वेगळी. वजनही सारखंच, म्हणजे तुमचा तो स्वच्छ बँड नक्की कोणाचा होता? प्रौढ उंदराच्या मांडीच्या स्नायूचं लायसेट (पेशी फोडून काढलेला अर्क) ब्लॉटवर शेजारच्या लेनमध्ये (पट्ट्यात) लावा. तिथे जवळजवळ सगळं पीकेएम१ असतं. ठळक बँड आला तर ती बाटली पीकेएम२ साठी वापरूच नका. लॉट चांगला निघाला तर त्याच्याच चार बाटल्या घेऊन अलिकोट करा, म्हणजे छोट्या भागांत वाटून गोठवून ठेवा. शिवाय पॉलिक्लोनल अनेक जागी चिकटते, रसायनाने फिक्स केलेल्या ऊतीत एखादी जागा झाकली गेली तरी सिग्नल मिळतो.

फार्मसीवाली: सर, स्नायूची लेन रिकामी आली तर? अँटीबॉडी उंदराचं प्रोटीन ओळखतच नसेल, तरी लेन रिकामीच दिसेल. त्याच उंदराचं फुप्फुस सोबत लावायला हवं, तिथे पीकेएम२ भरपूर असतं. आमच्यासारख्या फार्मसी कॉलेजांत अ‍ॅनिमल हाऊस असतं, एथिक्स कमिटीची परवानगी मात्र आधी घ्या.

सातपूरकर: बरोबर, हे माझ्याकडून सुटलं होतं.

गोदाकाठ: स्नायूची लेन आम्ही लावली नव्हती, हे मान्य. पण सर, ही तपासणी प्रत्येक नव्या लॉटला पुन्हा करावी लागेल, आणि प्रोजेक्ट सहा महिन्यांचा. चार बाटल्या साठवायच्या तर आमच्या उणे २० च्या फ्रीजरला बॅकअप नाही. वळवाच्या पावसात लाईट गेली की कधी येईल सांगता येत नाही. सोमवारी जुन्या बाटलीतल्या उरलेल्या थेंबांवर स्नायू आणि फुप्फुस दोन्ही लावते. नवी मात्र रिकॉम्बिनंटच मागवणार, आणि तीही याच दोन लेनमधून गेल्याशिवाय मुलांच्या हातात देणार नाही.