वाढीच्या हिशेबातल्या ‘रेसिड्यूअल’ला मराठीत काय म्हणावे?

हिशेबनीस
देशांच्या दीर्घकालीन आर्थिक वाढीवरचा मजकूर मराठीत आणतो आहे. अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट सोलो यांनी १९५७ साली अमेरिकेच्या १९०९ ते १९४९ या काळाचा हिशेब मांडला. दर श्रमतासाचे उत्पादन दुप्पट झाले होते, पण भांडवलाच्या वाढीने त्यातला जेमतेम अष्टमांश उलगडला. उरलेल्या सात-अष्टमांशाला ‘सोलो रेसिड्यूअल’ म्हणतात. मी ‘सोलोचा अवशेष’ लिहिले, तर तपासणाऱ्यांनी त्यावर फुली मारून ‘तांत्रिक प्रगती’ केले. योग्य काय?

जुनीपाटी
सरळ ‘बाकी’ म्हणा, कारण रीतच वजाबाकीची आहे. समजा उत्पादन वर्षाला ६ टक्के वाढले, भांडवल ९ आणि श्रम २.४ टक्के. उत्पन्नात भांडवलाचा वाटा एक-तृतीयांश, श्रमाचा दोन-तृतीयांश. वाढीला वाट्याने गुणले की भांडवलाचे ३, श्रमाचे १.६, मिळून ४.६. सहातून वजा केले की बाकी १.४. शाळेतल्या मुलालाही कळेल.

कोनाडा
‘बाकी’ म्हटले की थकबाकी आठवते, कुणाचे तरी देणे राहिल्यासारखे वाटते. ‘अवशेष’ तर हडप्पाचे. ‘शेष’ बरा.

रुईफूल
‘अवशिष्ट घटक’ हा शब्द असताना ही धडपड कशाला? बाकी आणि वजा दोन्ही अरबीतून आलेले. शेष, अवशेष, अवशिष्ट, उच्छिष्ट ही सगळी शिष् धातूची, आणि आपले ‘उष्टे’ उच्छिष्टातूनच आले. परिभाषा एका धातूवर उभी राहिली की पुढचे शब्द घडवणे सोपे जाते.

जुनीपाटी
अरबीतून आले म्हणून वजाबाकी मराठी नाही का? ‘अवशिष्ट’ वाचणारा विद्यार्थी व्याख्या पाठ करतो, गणित करत नाही.

तिसरीघंटा
धातू बाजूला ठेवा. ‘तांत्रिक प्रगती’ ही दुरुस्ती चूक आहे, आणि ती अर्थाची चूक आहे. वजाबाकीत जे मोजले गेले नाही ते सगळे उरते: नवे तंत्र, शेतीतून कारखान्यात गेलेले मनुष्यबळ, चांगले व्यवस्थापन आणि मोजणीतल्या चुकासुद्धा. वरचेच आकडे घ्या. कामगारांचे वाढलेले शिक्षण धरून श्रमाची वाढ २.४ ऐवजी ३ टक्के मानली, तर बाकी १.४ वरून १ वर येते. भांडवलाचा वाटा ०.४ धरला तर मूळ आकड्यांतही ती ०.९६ होते. तंत्र तेच, आकडा वेगळा. मंदीत यंत्रे बंद पडून राहतात. ती पूर्ण चालू आहेत असे धरले तर बाकी घसरते, म्हणून देश तंत्र विसरला असे होत नाही. अर्थशास्त्रज्ञ मोझेस अब्रामोविट्झ यांनी १९५६ मध्येच या उरलेल्या भागाला आपल्या अज्ञानाचे माप म्हटले होते. नावात हा प्रामाणिकपणा राहिला पाहिजे.

कोनाडा
मग सिंगापूरबद्दल काय लिहायचे? अर्थशास्त्रज्ञ ॲलविन यंग यांच्या १९९५ च्या हिशेबात १९६६ ते १९९० मध्ये तिथली बाकी वर्षाला ०.२ टक्के, जवळपास शून्य. ‘तांत्रिक प्रगती शून्य’ लिहिले तर वाचक बुचकळ्यात पडेल.

तिसरीघंटा
पडायलाच हवा. वाढ मुख्यतः प्रचंड गुंतवणूक आणि कामावर आलेली जास्त माणसे यांतून झाली, असा यंग यांचा निष्कर्ष. चांग-ताई शिए यांनी २००२ मध्ये दुसऱ्या बाजूने पाहिले: एवढे भांडवल साचले तर त्यावरचा परतावा घटायला हवा, पण बाजारातल्या आकड्यांत तो तसा घटलेला दिसत नाही. म्हणून त्यांची बाकी बरीच मोठी निघते. वाद राष्ट्रीय हिशेबातली गुंतवणूक किती खरी धरायची यावर येऊन थांबतो.

रुईफूल
तुम्ही सगळे ‘वाढ’ लिहिता आहात. पाठ्यपुस्तकांत ‘आर्थिक वृद्धी’ आहे.

जुनीपाटी
वृध् पासून प्राकृतात वड्ढ, त्यातून आपले ‘वाढ’. घर एकच. शिवाय ‘वृद्धी’ म्हणजे कितीतरी घरांत अजून सोयर. ‘चक्रवाढ’ कुणी ‘चक्रवृद्धी’ करत नाही, आणि इथे चक्रवाढच महत्त्वाची. बहात्तरला दराने भागा: साडेतीन टक्क्यांनी उत्पन्न दुप्पट व्हायला साधारण वीस वर्षे, सात टक्क्यांनी दहा.

रुईफूल
हिंदीत ‘चक्रवृद्धि’च म्हणतात.

जुनीपाटी
हिंदीत म्हणू देत, आपण मराठीत लिहितो आहोत.

हिशेबनीस
‘बाकी’ आणि ‘शेष’ यांत अजून ठरत नाही. दरम्यान दुसरा अडथळा: ‘डेप्रिसिएशन’ला, म्हणजे भांडवलाची दरवर्षी घटणारी किंमत, ‘घसारा’ लिहिले, तर ‘झीज’ सुचवली गेली आहे.

तिसरीघंटा
घसाराच ठेवा. झीज वापराने होते. घसाऱ्यात यंत्र चालू असूनही जुनाट ठरणे येते. नुसत्या गुंतवणुकीने वाढ कायम का टिकत नाही, हेही त्याच शब्दावर समजावता येते. समजा भांडवल वार्षिक उत्पादनाच्या तिप्पट, घसारा भांडवलाच्या ५ टक्के: उत्पादनाचा १५ टक्के हिस्सा आहे ते टिकवण्यातच जातो. गुंतवणूक ३० टक्के असेल तर उरलेल्या १५ टक्क्यांनी भांडवल वर्षाला ५ टक्के वाढते. तेच भांडवल उत्पादनाच्या सहापट झाले की पूर्ण ३० टक्के घसारा भरण्यात संपतात.

कोनाडा
घसारा ‘घासणे’वरून की ‘घसरणे’वरून? घासणे असेल तर झीजच झाली की.

जुनीपाटी
घसरणे. किंमत घसरते.

रुईफूल
घासणे. दोन्ही मागे घृष् पर्यंत जातात का, ते आधी पाहायला हवे.