मदत हवी आहे: ‘अनप्रोव्होक्ड’ चावा मराठीत कसा लिहायचा?

मंडळी, कुत्रा चावल्यावर काय करायचं याचं एक माहितीपत्रक इंग्रजीतून मराठीत करतेय. दवाखान्यात आणि सोसायट्यांच्या नोटीस बोर्डावर लागणार आहे. जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा, हळद-तिखट-चुना भरू नका, त्वचेत देण्याच्या लशीचे दिवस ०, ३, ७ आणि २८, हे सगळं बिनबोभाट झालं. गाडी अडलीय ‘अनप्रोव्होक्ड बाइट’पाशी.

शब्दकोश ‘विनाकारण’, ‘निष्कारण’ देतात. पण कुत्र्याकडे कारण असतंच की! पिल्लं जवळ असतात, तोंडाशी खाणं असतं, अंगात दुखणं असतं, नाहीतर रेबीज. इंग्रजी शब्द त्याच्या कारणात शिरतच नाही. ज्याला चावला त्याने आधी काही केलं नव्हतं, एवढंच तो सांगतो. फ्लोरिडातल्या ‘इंटरनॅशनल शार्क अटॅक फाइल’मध्ये, म्हणजे शार्कच्या हल्ल्यांच्या नोंदींत, वर्गवारीच यावर आहे. शार्कला हात लावला, खायला घातलं, जाळ्यातून सोडवताना चावला, तर ‘प्रोव्होक्ड’. नुसतं पोहताना चावला तर ‘अनप्रोव्होक्ड’. जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केल्यावर ८ डिसेंबर १९४१ च्या भाषणात अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनीही त्या हल्ल्याला हेच विशेषण लावलं. अमेरिकेने जपानचं तेल तोडलं होतं, म्हणजे जपानच्या लेखी कारण होतंच. (हे विशेषण मार खाल्लेली बाजूच जास्त वापरते, असं माझं मत.)

सीमेवरच्या गोळीबाराच्या बातम्यांत ‘कोणतीही चिथावणी नसताना’ असं छापतात. मला ते खटकतं. चिथावणी देणारा बहुतेक वेळा तिसराच असतो ना? ‘चिथावणी नसताना कुत्रा चावला’ म्हणजे त्याला कुणी छू केलं नव्हतं, असाच अर्थ मला लागतो. कायद्याच्या मराठीतलं ‘प्रक्षोभन’ नोटीस बोर्डावर लावलं तर लोक वाचायचेच सोडून देतील. ‘कुरापत’ माणसं काढतात, देश काढतात. कुत्र्याची कुरापत काढली असं मी तरी ऐकलेलं नाही.

राहिले ‘खोडी’ आणि ‘डिवचणे’. दोन्हींत मुद्दामपणा आहे. अंधारात चुकून शेपटीवर पाय पडला तर ती खोडी नव्हे, पण इंग्रजीत तो ‘प्रोव्होक्ड’मध्येच धरला जाईल. आणि इथे शब्द चुकला तर नुकसान खरं आहे. मूळ पत्रकाचा मुद्दा असा की, चावा प्रोव्होक्ड होता म्हणून कुत्रा पिसाळलेला नाही असं धरून चालू नका. कुत्र्याला कशाचा राग येईल हे आपल्याला नेहमी कळत नाही. मी ‘खोडी’ लिहिलं, तर ‘पोरानेच कान ओढला होता, त्याचीच चूक’ म्हणून एखादं घर इंजेक्शनाला जायचंच नाही.

सध्या असं लिहिलंय: ‘तुम्ही कुत्र्याला डिवचलंत, चुकून धक्का लागला किंवा काहीच केलं नाहीत, तरी चावल्यावर लगेच दवाखान्यात जा.’ परिच्छेदात हे चालून जातं. पण मागच्या बाजूला डॉक्टरांनी खूण करायचा रकाना आहे आणि त्यात फार तर दोन शब्द मावतात. ‘न छेडता’ कसं वाटतं? की मुलीची छेड आठवते? विदर्भात, कोकणात, मराठवाड्यात जनावराच्या बाबतीत वेगळा शब्द असेल तर जरूर सांगा. शुक्रवारी छापायला द्यायचंय.