गावात मशीद बांधायला विरोध चाललाय, नियम काय आणि बैठकीत काय बोलावं?

मलप्रभेकाठचा:
नमस्कार मंडळी. गाव बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं, नाव मुद्दाम लिहीत नाही. आमच्याकडं मुसलमानांची थोडी घरं आहेत, पिढ्यान्‌पिढ्यांची. नमाज एका पत्र्याच्या खोलीत होतो, आणि आपल्याकडचा पाऊस माहितीच आहे, पत्र्यावर इतका आवाज की आत इमाम काय म्हणतोय ते दारातल्याला ऐकू येत नाही, शुक्रवारी अर्धी माणसं छत्री धरून बाहेर उभी. आता त्यांनी वर्गणी काढून जागा घेतली, पंचायतीत बांधकामाचा अर्ज टाकला, तर गावच्या व्हॉट्सअपवर मेसेज फिरूलेत, "आज मशीद, उद्या गाव हातातनं जाणार" असले. रविवारी मारुतीच्या देवळात बैठक आहे, मला उठून बोलायचंय. कायद्यानं काय काय लागतं?

तालुका_कोर्ट:
जागा खासगी आहे ना? मग आधी उतारा कुणाच्या नावावर, एनए (बिगरशेती) झालंय का आणि पंचायतीचं लायसन मिळतंय का हे बघा. लोक सुप्रीम कोर्टाचा २००९ चा आदेश पुढं करतात, पण तो रस्ते, बागा अशा सार्वजनिक जागेवरच्या बेकायदा बांधकामाबद्दल आहे आणि मंदिर, मशीद, चर्च, गुरुद्वारा सगळ्यांना सारखाच. आपला धर्म पाळायचा आणि आपली धर्मस्थळं चालवायचा हक्क घटनेच्या कलम २५, २६ मध्ये आहे. भोंग्याचं म्हणाल तर २००० चे ध्वनी नियम, रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर बंद, राहत्या वस्तीत दिवसा ५५ डेसिबल. काकड आरतीलाही हेच लागू, हे बैठकीत स्पष्ट सांगा.

बिडीचा_शेतकरी:
कायदा ठीक आहे हो, पण गाव कायद्यावर चालत नाही. गणपतीची मिरवणूक त्या जागेवरनं जाते का? आमच्या भागात मशिदीसमोर वाद्य वाजवायचं की नाही यावरनं बंदोबस्त मागवावा लागलाय. गाड्या कुठं लावणार, पैसा कुठनं आला, हे विचारणाऱ्याला लगेच धर्मद्वेष्टा म्हणू नका. माझा विरोध माणसांना नाही, न विचारता झालेल्या गोष्टीला आहे.

गवंडीकाम_बेळगाव:
मी मुसलमान, गवंडी. आमच्या गावच्या देवळाचा सभामंडप माझ्या हातचा आहे, स्लॅबच्या दिवशी सगळा गाव घमेली द्यायला उभा होता. वरच्या भावांनी विचारलेले प्रश्न मला वावगे वाटत नाहीत, विचारा की, वर्गणीची वही दाखवू. त्रास होतो तो वेगळाच. रोज दुकानात चहा पाजणारा माणूस तोंडावर काही बोलत नाही आणि रात्री ग्रुपवर आमच्याबद्दल वाट्टेल ते फॉरवर्ड करतो, ते आमची कॉलेजातली पोरं वाचतात. मिरवणुकीचं म्हणाल तर २०२३ ला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आले, २८ सप्टेंबरला, तेव्हा बेळगावात आमच्या लोकांनी ईदची मिरवणूक पुढं ढकलली. बसून बोललं की वाट निघतेय.

नंदगडकर:
मला एकच सांगायचंय आणि ते कळकळीनं सांगतो. १९५६ ला आपला भाग कर्नाटकाकडं गेला तेव्हापासून आपण या राज्यात मराठी शाळा टिकवा, मराठीत कागद द्या म्हणून भांडतोय. घटनेचं कलम ३० काढून वाचा, धर्माचे अल्पसंख्याक आणि भाषेचे अल्पसंख्याक तिथं एकाच वाक्यात आहेत. "तुम्ही इथले नाही" हे आपल्याला ऐकवलं की कसं लागतं ते सीमाभागातल्या मराठी माणसाला वेगळं सांगायला नको, मग तेच शेजाऱ्याला कुठल्या तोंडानं ऐकवायचं? आपल्याच जिल्ह्यात सौंदत्ती तालुक्यातलं हिरेबिदनूर बघा, तिथं मुसलमानाचं घर नाही तरी गावातले हिंदू मशीद सांभाळतात, मोहरम करतात. बेळगावच्या किल्ल्यात दारात दुर्गादेवी, आत कमल बस्ती हे जैन मंदिर आणि सफा मशीद.

बिडीचा_शेतकरी:
किल्ल्याचं मान्य, पण किल्ला जुना आहे, आमच्याकडं भीती नव्याची आहे. बैठकीला त्यांच्यातलं कोणी येणार आहे का? नसेल तर ती बैठक घेऊच नका.

मलप्रभेकाठचा:
नाही हो, त्यांना बोलावलेलंच नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आजच पंचांना फोन करतो, देवळात यायला त्यांना अवघड वाटेल तर बैठक शाळेत घेऊया म्हणतो. उताऱ्याची आणि नकाशाची झेरॉक्स मागवलीय, गणपतीची वाट त्याच नकाशावर सगळ्यांसमोर आखून घेऊ. भोंग्याचं लेखी घेतलं तर देवळाचंही लेखी द्यावं लागेल, त्यावर आमची तरुण पोरं तापणार, पण ते मी बोलणार.