प्रतिसाद: आडनाव सोडा, आईचं माहेर धरा

आयर्लंडमधल्या कॅव्हन परगण्यातले पूर्वज शोधताना बाप्तिस्म्यांच्या नोंदींत मॅकगोवन आडनाव सापडत नाही, म्हणजे दप्तर १९२२ च्या आगीत गेलं असणार, असं तुम्ही विचारताना म्हटलंय. एवढ्यात आशा सोडू नका. डब्लिनच्या सरकारी अभिलेखागाराच्या त्या आगीत चर्च ऑफ आयर्लंडची, म्हणजे तिथल्या प्रोटेस्टंट चर्चची, बरीच दप्तरं जळाली; कॅथलिक दप्तरं पॅरिशमध्येच, म्हणजे स्थानिक चर्चमध्येच, असल्याने वाचली. आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१५ साली ती ऑनलाइन मोफत खुली केली आहेत.

मॅकगोवन म्हणजे मूळचा ‘लोहाराचा मुलगा’, आणि कॅव्हनमध्ये त्याचं अनेकदा सरळ स्मिथ झालं. म्हणून स्मिथ, स्माइथ, नुसतं गोवन, सगळं तपासा. पाद्री कानाला ऐकू येईल तसं लिहायचे, आडनावाच्या सुरुवातीचे ‘ओ’ आणि ‘मॅक’ गाळायचे. पहिली नावं पुष्कळदा लॅटिनमध्ये, जेम्सचा जेकोबस, विल्यमचा गुलिएल्मुस.

माझ्या नवऱ्याच्या पणजीचं घराणं शोधताना तीन भावंडांची आडनावं तीन तऱ्हांनी लिहिलेली निघाली. पण आईचं माहेरचं नाव तिन्हीकडे तेच, वाडीही तीच, आणि दोघांची धर्ममाता (बाप्तिस्म्याला मुलाची जबाबदारी घेणारी) एकच बाई! फिकट शाईतली ती ओळ वाचताना माझे डोळे भरून आले. तुमच्याकडे आईचं माहेरचं नाव आहे का? असेल तर आधी तिथून सुरुवात करा.