मॅच्युरिटी, ॲडल्टहुड की मेजॉरिटी? भावाबद्दल लिहितेय, मदत करा

तापीकाठ :
नमस्कार, मी यावल तालुक्यातली. स्कॉलरशिपसाठी इंग्रजीत निबंध द्यायचाय, मी लहान भावावर लिहितेय. पप्पा गेले तेव्हा तो सोळाचा होता, तेव्हापासून केळीचा बाग तोच बघतो, रात्री लाइट आली की मोटर लावायला जाणं, मजूर, व्यापाऱ्याशी भाव, सगळंच. मी लिहिलं ‘ही अटेन्ड मॅच्युरिटी ॲट सिक्स्टीन’, म्हणजे सोळाव्या वर्षीच त्याने मॅच्युरिटी गाठली. एक मॅडम म्हणे मेजॉरिटी लिही, मैत्रीण म्हणते ॲडल्टहुड. डिक्शनरीत बघावं तर फिरून फिरून प्रौढत्वच. आज तो एकोणीसचा आहे आणि त्याच्याबद्दल चुकीचा शब्द जायला नको असं फार वाटतं.

कोर्टकचेरी_धुळे :
मेजॉरिटी नको. तो कायद्याचा शब्द, 1875 चा मेजॉरिटी ॲक्ट आहे, 18 पूर्ण झाले की माणूस सज्ञान, मग अक्कल असो नसो. सातबाऱ्यावर भावाच्या नावापुढे ‘अपाक आई’, म्हणजे तो अज्ञान म्हणून आई पालक, असं लागलं असेल ना? 18 नंतर अर्ज देऊन ते काढता येतं, मेजॉरिटीचा संबंध तेवढाच. सोळाव्या वर्षी ती येतच नाही.

केळीवाला_रावेर :
ताई बागेतलंच बघा ना. दिल्लीचा माल कापतो तेव्हा केळ हिरवीगारच असते पण भरलेली असते, कडा गोल होत आलेल्या, तिला मॅच्युअर म्हणतात. पिवळी होते ती नंतर, रायपनिंग चेंबरमध्ये. तुमचा भाऊ तसाच, वय हिरवं पण आतून भरलेला. आपल्याकडे उलटं जास्त ऐकू येतं, ‘आंडोर मोठा व्हयना पन अक्कल नही उनी’, म्हणजे पोरगा मोठा झाला पण अक्कल नाही आली, तर तो आंडोर ॲडल्ट झाला, मॅच्युअर नाही झाला.

इंग्रजी_शिकवतो :
केळीवाले भाऊंनी बरोबर सांगितलं. ॲडल्टहुड म्हणजे आयुष्याचा टप्पा. ॲडोलेसन्ट आणि ॲडल्ट दोन्ही एकाच लॅटिन क्रियापदातून आलेत, एक वाढतोय तो, दुसरा वाढून झाला तो. मॅच्युरिटी म्हणजे समज. पण ‘अटेन्ड मॅच्युरिटी’ नका लिहू, ते झाड, जनावर किंवा शरीराच्या वाढीबद्दल जास्त वापरतात, वाचणाऱ्याला वाटेल मुलगा वयात आला. आणि ‘मॅच्युअर्ड बॉय’ तर मुळीच नको, आपल्याकडे सर्रास लिहितात, पण मॅच्युअर्ड होते ती एफडी, पॉलिसी. मुलगा मॅच्युअर. ‘मॅच्युअर बियॉन्ड हिज इयर्स’ असा सरळ वाक्प्रचार आहे, वयाच्या मानाने पोक्त, तुम्हाला तेच म्हणायचंय.

तापीकाठ :
खूप आभार सगळ्यांचे. आता असं केलंय, ‘ॲट सिक्स्टीन ही टुक ओव्हर अवर बनाना फार्म. ही वॉज स्टिल अ बॉय, बट मॅच्युअर बियॉन्ड हिज इयर्स.’ ॲडल्टहुड शेवटच्या पॅरात ठेवलं, तिथे त्याचं पुढचं शिक्षण राहून गेलं त्याबद्दल आहे. आणि आईला विचारलं, अपाक अजून तसंच आहे, सोमवारी तलाठ्याकडे जातोय दोघं.