बास्करव्हिल आणि टाइम्स सारखे नाहीत हो

कुणीतरी लिहिलंय की बास्करव्हिल काय आणि टाइम्स न्यू रोमन काय, दोन्ही सेरिफ (अक्षरांच्या टोकांना छोट्या रेषा असलेले) इंग्रजी फॉन्ट, दिसायला सारखेच. मला हे अजिबात पटलं नाही. टाइम्स १९३२ साली वर्तमानपत्रासाठी आला, कमी जागेत जास्त मजकूर बसवायला, म्हणून तो अंग चोरून उभा असतो, बास्करव्हिल कसा ऐसपैस बसतो!

बर्मिंगहॅमचा जॉन बास्करव्हिल आधी सुंदर हस्ताक्षर शिकवायचा, थडग्यांच्या दगडावर अक्षरं कोरायचा, ते वळण त्याने बनवलेल्या टाइपमधे (छपाईच्या अक्षरांत) उतरलंय. १७५७ ला त्याने व्हर्जिल या रोमन कवीचं पुस्तक छापलं तेव्हा नुसता टाइप नाही तर काळीभोर शाई, गुळगुळीत कागद सगळ्यावर मेहनत घेतली, कारण त्या टाइपच्या बारीक रेषा खरखरीत कागदावर नीट उमटल्याच नसत्या.

बास्करव्हिलच्या कॅपिटल क्यूची शेपटी बघा, काय झोकात वळलीये, आणि स्मॉल जीचं खालचं पोट उघडंच, ही ओळखायची सोप्पी खूण.

पुस्तकाला, कवितांना, टायटलला बिनधास्त वापरा. मोबाइलवर बारीक साइजला मात्र नको, पातळ रेषा पुसट होतात.